सव्वासोळा इंच

"ह्या घरात कुणी तुला माप सांगितलं ना, तर ते पुन्हा एकदा स्वतः मोजून घे," असं हेल्मी आत्यानं ब्रिजेटला लग्नाच्या दिवशीच बजावलं होतं. केक नुकताच कापून झाला होता आणि आत्याच्या बशीत आपल्यापेक्षा लहान तुकडा पडलाय याची तिला खात्री होती. ब्रिजेटला वाटलं, म्हातारी केकबद्दलच बोलतेय, फार तर पडद्यांबद्दल. "हो, आत्या," ती म्हणाली, आणि जगभरच्या नव्या सुना ज्या अर्थानं हो म्हणतात त्याच अर्थानं म्हणाली.

तो इशारा तिला आठवला तो सहा वर्षांनी, धाकट्या आयझॅकच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात. तेही साबणामुळे.

"परवा पुन्हा एक गेला," हेल्मी आत्या म्हणाली. चर्चमधून येऊन सगळे नुकते टेबलाशी बसले होते. गाजर-सलगम भरलेल्या गरम पेस्टी सगळ्यांच्या ताटात होत्या, आणि चर्चमध्ये डोक्यावर पाणी पडताच पास्टरबाईंच्या अंगावर खेकसलेला आयझॅक आता ब्रिजेटच्या खांद्यावर संतासारखा झोपला होता. "बाकड्याच्या आणि भिंतीच्या फटीतून. आजवर सात साबण, एक चमचा आणि माझे खालचे दात. वाइनो, तुझ्या त्या सौनात मी वाफ घ्यायला जाते की दानधर्म करायला, तेच मला कळत नाही."

वाइनो, म्हणजे ब्रिजेटचे सासरे आणि आत्याचे धाकटे भाऊ, पेस्टीवरून नजर न काढता म्हणाले, "देवदार आकसतो."

हे वाक्य ते पास्टरबाईंच्या 'आमेन'च्या सुरात म्हणत. त्यावर पुढे बोलायचं नसे.

"आकसतो म्हणे. एक इंच आकसतो? मी ऐंशी वर्षांत तेवढी आकसले नाही."

"ओलं लाकूड होतं," ओनी काका म्हणाले. वाइनोंचे धाकटे भाऊ. लग्न केलं नव्हतं. वर्कशॉपच्या माळ्यावर राहत आणि जेवायला सगळ्यांकडे असत. पन्नास वर्षं दोघं भाऊ मिळून लोकांना सौना, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोल्या, बांधून देत आले होते. ट्रकच्या दारावर 'कोस्किला बंधू' असं लिहिलेलं होतं, आणि त्यातला 'बंधू' हा शब्द जरा आत सरकलेला होता, कारण तोही त्यांनीच मोजून रंगवलं होतं.

"आमच्या दाराचंही तसंच झालं," सासूबाई लेम्पी नवऱ्याची बाजू सावरत म्हणाल्या. "ह्यांनी लगेच पट्टी मारून दिली. आता छान लागतं."

"मागच्या वर्षी चर्चच्या बाकालाही पट्टी मारली," ब्रिजेटचा नवरा एरो म्हणाला. त्याला कुणाची कळ काढायची नव्हती. त्याला कधीच कुणाची कळ काढायची नसे. म्हणूनच सगळ्या कळा त्याच्याकडून दाबल्या जात.

"देवदार," वाइनो म्हणाले.

"चर्चचं बाक मेपलचं आहे," हेल्मी आत्या म्हणाली.

 ब्रिजेटची नजर मात्र फ्रिजकडे गेली.

फ्रिजच्या दारावर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली, एरोनं शुक्रवारी सही करून पाठवलेल्या फॉर्मची प्रत लटकत होती. राज्याच्या वनरक्षक खात्यातल्या नोकरीचा फॉर्म. चार वर्षं एरो त्या नोकरीच्या मागे होता. लाकूडगिरणीचा ट्रक हाकताना आठवड्यातल्या तीन रात्री बाहेर काढायच्या, परत येऊन थोरल्या मुलीला, एल्सीला, दम्याचा पंप द्यायचा आणि पुन्हा निघायचं, हे सगळं त्या एका नोकरीनं संपणार होतं. लेखी झाली, धावणं झालं. उरला होता फक्त मंगळवार. मंगळवारी खात्याचा तपासनीस घरी येणार होता: शेजारी कसे बोलतात, घर कसं आहे, घरात हत्यारं कोणती आणि कशी ठेवलीत, हे सगळं बघायला.

फॉर्मच्या चौथ्या पानावर एरोच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'नऊ मिलिमीटर कार्बाइन, एक. नळी सव्वासोळा इंच. वरील माहिती खरी आहे.'

ती बंदूक ब्रिजेटची होती. म्हणजे तिनं मागितलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, एरो बाहेरगावी असताना, एक अस्वल व्हरांड्यात येऊन पाखरांचं दाणापाणी फस्त करून गेलं होतं. हे कळल्यावर वाइनोंनी ठरवलं की सुनेला झेपेल अशी बंदूक हवी. शिकारीची रायफल खांदा उखडते. ही कार्बाइन पिस्तुलाची गोळी खाते, त्यामुळे धक्का लहान मुलाच्या लाथेएवढा. फक्त नळी लांब होती आणि कोठीच्या दाराला अडायची. मग दोघा भावांनी ती वर्कशॉपमध्ये नेऊन कापली. "कायद्याला सोळा इंच लागतात," वाइनो तेव्हा म्हणाले होते, "आपण पाव इंच जास्त ठेवू. सरकारचं समाधान." वाढदिवसाला लाल रिबीन बांधून ती तिच्या पुढ्यात ठेवली गेली. ब्रिजेटनं पावाचा साचा मागितला होता.

तेव्हापासून ती पोलादी कपाटात कुलूपबंद होती. किल्ली एरोच्या गळ्यात. ब्रिजेटनं तिला एकदाही हात लावला नव्हता.

त्याच वर्कशॉपमध्ये, तिच्या मनात आलं. त्याच हातांनी.

"एरो," ती हळूच म्हणाली, "किल्ली दे."

"कसली?"

"गळ्यातली."

"आत्ता? बाप्तिस्म्यात?"

"आयझॅकला घ्या, आई." बाळ सासूबाईंकडे गेलं. एल्सी वर पोटमाळ्यावर बाहुल्यांचा बाप्तिस्मा करत होती. ती खाली येणार नाही याची ब्रिजेटनं दोनदा खात्री केली, आणि जिन्याचं दार लावून घेतलं.

एरोनं बंदूक आणली. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून आत डोकावला, करंगळी घालून पुन्हा पाहिलं. "रिकामी आहे."

"आता बोल्ट बंद कर. नळीच्या तोंडातून काठी आत जाऊ दे, बोल्टला टेकेपर्यंत. तोंडापाशी काठीवर खूण कर." हे तिनं आताच, पोटमाळ्याच्या जिन्यात उभं राहून, फोनवर तीनदा वाचलं होतं. काठी मिळाली ती एल्सीच्या फुलपाखरांच्या जाळीची.

"हे काय चाललंय?" वाइनोंनी विचारलं.

"काही नाही, बाबा. नुसतं मोजतेय."

"मोजलेलं आहे ते."

"म्हणूनच."

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन तिनं काठी टेबलावर आडवी ठेवली. पेस्टीच्या बश्या सरकवल्या गेल्या. पंधरा. आणि पाव.

तिनं पुन्हा मोजलं. मग एरोनं मोजलं. मग हेल्मी आत्यानं चष्मा पुसून मोजलं, आणि पुन्हा चष्मा पुसून मोजलं.

"शिवणाची टेप ताणली जाते," ओनी काका म्हणाले.

"ताणली तर माप कमी येतं, हे बरोबर," वाइनोंनी लगेच दुजोरा दिला. गेला अर्धा तास एकमेकांशी मीठ मागण्यापलीकडे न बोललेले दोघं भाऊ एकाएकी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. "आणि फुलपाखराच्या काठीनं बंदूक मोजतात का कुठे? कॉलेजात शिकवतात वाटतं हे."

"माझी पोलादी टेप आणतो," ओनी काका म्हणाले, आणि आणली. पोलादी टेपही पंधरा आणि पावच म्हणाली.

वाइनो त्या आकड्यावर वाकले. मग त्यांनी घसा खाकरला.

"दे..."

"लोखंड आकसत नाही, बाबा," ब्रिजेट म्हणाली.

हे ती मोठ्यानं म्हणाली याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सहा वर्षांत सासऱ्यांना तिनं इतकं उलट उत्तर पहिल्यांदाच दिलं होतं. हेल्मी आत्यानं रुमाल तोंडाला लावला; तिचे खांदे हलत होते.

"पाऊण इंचानं काय होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"दहा वर्षं तुरुंग होतो, आई," एरो म्हणाला. "सोळाच्या आतली नळी असेल तर सरकारची परवानगी आधी काढावी लागते. आधी. आपण ती कापली, जवळ ठेवली, आणि वर मी लिहून दिलं सव्वासोळा. सही करून."

सासूबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरलं, जणू त्यालाही न्यायला कुणी आलंय.

"तळं खोल आहे," ओनी काका सहज म्हणाले.

"काका, फॉर्मात लिहिलंय ते," एरो म्हणाला. "मंगळवारी तपासनिसानं विचारलं बंदूक कुठाय, तर काय सांगायचं? मासे शिकारीला घेऊन गेले?"

"मला सुचलं ते बोललो."

"दुसरं सुचेपर्यंत बोलू नका," हेल्मी आत्या म्हणाली.

पण सगळ्यांना खरं जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच. ते विचारायची हिंमत शेवटी सासूबाईंनीच केली. "पण हे झालं कसं? तुम्ही दोघं माप चुकता?"

जे झालं ते असं. त्यांचे वडील थोरले आयझॅक यांच्या जुन्या टेपेच्या टोकाचा हूक सैल होता. म्हणून ते टेप शून्यावर धरत नसत. एकावर धरत आणि शेवटी एक इंच वाढवून खूण करत. लांबचं टोक धरणाऱ्यानं "एकावर!" अशी हाळी द्यायची, आकडा वाचणाऱ्यानं एक मिळवायचा. दोघा भावांनी ही हाळी पन्नास वर्षं दिली आणि घेतली. नंतर नंतर तर हाळीही बंद झाली, कारण सख्ख्या भावाला काय सांगायचं? सात वर्षांपूर्वी ओनी काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी नवी टेप घेतली. पक्क्या हुकाची. नवी टेप म्हणजे शून्यापासून, हे ओनी काकांनी गृहीत धरलं. टेप म्हणजे एकापासून, हे वाइनोंनी गृहीत धरलं.

"म्हणजे तू एकावर धरत होतास?" ओनी काका उभेच राहिले. "सात वर्षं?"

"म्हणजे तू एक मिळवत नव्हतास?"

"तू हाळी कुठं दिलीस!"

"तुला हाळी? साठ वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला हाळी?"

"मग सांगायचं कुणी, टेपेनं?"

मघाशी खांद्याला खांदा लावलेले भाऊ आता टेबलाच्या दोन टोकांना गेले. सासूबाई हळूच उठल्या आणि बाळ घेऊन नणंदेच्या शेजारी जाऊन बसल्या. चाळीस वर्षांत त्या बाजूला त्या प्रथमच बसत होत्या.

"आपल्या दाराला तुम्ही पट्टी मारलीत," त्या वाइनोंना म्हणाल्या, "आणि दर हिवाळ्यात मला म्हणालात की मी दार नीट ओढत नाही."

ब्रिजेट तोवर मागच्या अंगणात जाऊन फोन लावत होती. गावातल्या वकीलबाई ट्रेगेम्बो रविवारी ब्लूबेरीचा मुरंबा करत होत्या आणि पळी हलवता हलवताच बोलल्या. ब्रिजेट आत आली तेव्हा तिच्या हातात कागदाच्या रुमालावर लिहिलेल्या सूचना होत्या.

"बंदूक आत्ताच्या आत्ता सुटी करायची. नळी वेगळी, बाकीचं वेगळं. पुन्हा जोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. नळी उद्या सकाळी त्यांच्या ऑफिसात. शहरात परवानावाला बंदूकवाला आहे, त्याच्याकडून कारखान्यातून आलेली पूर्ण लांबीची नळी बसवायची." ती थांबली. "आणि तपासनीस यायच्या आधी फॉर्म दुरुस्त करून पाठवायचा. सोबत, ज्यानं मोजलं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. नाहीतर दिसताना असं दिसेल की एरोनं जाणूनबुजून खोटं लिहिलं."

"ज्यानं मोजलं," हेल्मी आत्या म्हणाली आणि आधी एका भावाकडे, मग दुसऱ्याकडे बघितलं.

एरोनं पान्यानं नळी सोडवली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळली. टेबलावर कोरा कागद आला. पेन आलं. कुणी हात पुढे केला नाही.

वाइनो कोस्किला यांना ह्या जिल्ह्यात लोक पत्ता सांगताना वापरत. 'वाइनोनं बांधलेल्या सौनापासून उजवीकडे.' आयुष्यात त्यांनी कधी माफी मागितली नव्हती असं नाही. एकदा घोड्याची मागितली होती. पण माप चुकलं असं कागदावर लिहिणं म्हणजे त्यांच्या लेखी आपणच आपल्या थडग्यावरचं नाव चुकीचं कोरणं होतं.

"मी आकडा वाचला नाही," ते म्हणाले.

"मी टोक धरलं नाही," ओनी काका म्हणाले.

ब्रिजेट समोर बसली. काय बोलायचं ते तिनं अंगणात मनाशी जुळवलं होतं: कायदा, कलम, नोकरी, एल्सीचा दमा, सगळं क्रमानं. त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही.

"बाबा, एरोनं ती नळी कधी मोजलीच नाही. मी त्याला मघाशी विचारलं, का नाही मोजलीस? तो म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं ना."

वाइनोंनी मुलाकडे पाहिलं. एरो टॉवेलाची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होता.

"आण इकडे तो कागद," ओनी काका एकदम म्हणाले. "मी लिहितो सगळं माझ्या नावावर. मला ना बायको ना पोर. तुरुंगात जेवण तरी वेळेवर मिळेल, इथे रोज कुणाकडे आहे ते आठवावं लागतं."

"तू लिहिणार?" वाइनो तुच्छतेनं म्हणाले. "तुझं अक्षर डॉक्टरलाही वाचता येत नाही. सरक."

त्यांनी पेन घेतलं. ज्या हातांनी ते रंधा मारत त्याच हातांनी, जीभ दातांत धरून, दहा मिनिटं लिहीत राहिले. ब्रिजेटनं उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न केला आणि तिला ते जमलं.

'नळी आम्ही दोघा भावांनी कापली. टोक मी धरलं. एकावर धरलं आणि सांगितलं नाही. चूक माझी. मुलानं मोजलं नाही कारण तो माझ्यावर विश्वास ठेवतो. ते त्याच्या आईकडून आलंय. वाइनो कोस्किला.'

"'आम्ही दोघा' का लिहिलंस?" ओनी काकांनी विचारलं.

"कापली कुणी होती?"

"बरं बरं," ओनी काका म्हणाले आणि खाली सही केली. ती खरंच वाचता येत नव्हती.

हेल्मी आत्यानं काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं. मग तिनं आपल्या ताटातली उरलेली पेस्टी उचलली आणि भावाच्या ताटात ठेवली. "खा," ती म्हणाली. "गार झाली."

मंगळवारी तपासनीस आला. आदल्याच दिवशी पोहोचलेला तो कागद त्याच्या फायलीत सगळ्यात वर होता. त्यानं तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला. ब्रिजेटनं कॉफी ओतली ती बशीत जास्त पडली.

"वाइनो कोस्किला म्हणजे तेच का, सौनावाले?" त्यानं शेवटी विचारलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत धुतलेला शर्ट घालून बसलेल्या वाइनोंनी मान हलवली.

"माझ्या सासऱ्यांचा तुम्हीच बांधलाय, चार वर्षांपूर्वी. दार लागत नाही. सासरे म्हणतात मी जोरात ओढलं म्हणून बिघडलं. चार वर्षं ऐकून घेतोय." त्यानं कागदाची घडी घातली. "निर्णय माझा नाही, वरचे घेतात. पण विचारायच्या आधी सांगितलंत, हे मी लिहीन. आणि ह्या कागदाची एक प्रत मला घरी न्यायला मिळेल का?"

ऑक्टोबरच्या अखेरीस पत्र आलं. एरोला जानेवारीत प्रशिक्षणाला बोलावलं होतं. सासूबाईंनी ते पत्र त्याच माशाखाली लावलं आणि तीनदा उतरवून वाचलं.

वाइनो ते बघायला घरात नव्हते. तपासनीस गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते घरात नसतातच. सात वर्षांत दोघा भावांनी बांधलेले सौना एकोणीस. वाइनोंनी त्यांची यादी केली, ओनी काकांची नवी टेप न मागता उचलली आणि रोज सकाळी ट्रक काढून एकेक दार ठोठावत सुटले. बाकडं काढायचं, मोजायचं, नवी फळी बसवायची, दार सरळ करायचं; एक पैसा घ्यायचा नाही आणि कारण सांगायचं नाही. ओनी काका बरोबर जातो म्हणाले, तर "टोक धरायला मला कुणी नको," म्हणून त्यांना घरी बसवलं. अकरा झालेत. आठ राहिलेत. ते अगदी आत, जंगलाकडच्या रस्त्यांवर आहेत, आणि आता बर्फ पडायला लागलंय. वाइनो शहात्तर वर्षांचे आहेत आणि फोन जवळ बाळगत नाहीत.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या भागात राहत असाल, आणि तुमच्या दारात एक हिरवा ट्रक थांबून त्यातून एखादा अबोल म्हातारा खांद्यावर फळी घेऊन उतरला, तर ब्रिजेटची एवढीच विनंती आहे. त्याला आत घ्या. मोजू द्या. कॉफी द्या आणि ती संपेपर्यंत उठू देऊ नका. मग कोस्किलांच्या घरी फोन करून नुसतं सांगा की आलेत, बरे आहेत. आणि निघताना त्यांनी टोपी घातलीय का, तेवढं बघा.